सिद्धगडच्या वाटेवर : सायकलवरून पाहिलेला 1942 चा काळ

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सायकल ग्रुपबद्दल काहीतरी यायला हवं, असं समितीने सांगितलं आणि ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, कोणी किती किलोमीटर मारले त्याचा तक्ता द्या. दुसरा म्हणाला, फोटो द्या, वाचतंय कोण! मला दोन्ही पटलं नाही. आपण ज्या एका वाटेवर गेले काही हिवाळे नेमाने जातो, त्या वाटेवर काय घडलं होतं ते एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. किलोमीटरचा तक्ता नोटीस बोर्डावर आहेच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ग्रुप सुरू झाला तो पाम बीच रोडवर. पहाटे साडेपाचला गेटवर जमायचं, वाशीपर्यंत जायचं, चहा प्यायचा, सातच्या आत घरी. पुढे काहींना वाटलं, नुसतं काय जायचं-यायचं, काहीतरी बघू. मग बेलापूरचा किल्ला झाला. एकदा शिरढोणला गेलो, वासुदेव बळवंत फडके यांच्या जन्मगावी. एकदा चिरनेरला, जिथे 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. दोन्ही ठिकाणं प्रत्येकाने बघावीत अशीच आहेत. पण शिरढोण मुंबई-गोवा हायवेवर आणि चिरनेरच्या वाटेवर जेएनपीटीचे कंटेनर. मागून चाळीस फुटी ट्रेलर भोंगा वाजवत येत असताना इतिहास आठवत नाही, आपली विमा पॉलिसी आठवते. तेव्हा ठरलं की मोठी राइड करायची तर अशा रस्त्याने, जिथे स्वतःच्या सायकलच्या चेनचा आवाज ऐकू येईल.

त्याच सुमाराला बी विंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाने विषय काढला. त्याचा मामेभाऊ युरोपात असतो. तिथे बेल्जियममध्ये पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवरून शांत सायकल-रस्ते काढले आहेत. ईप्र नावाच्या गावात मेनिन गेट म्हणून मोठी कमान आहे, तिच्यावर ज्यांचे मृतदेह कधी सापडलेच नाहीत अशा चौपन्न हजारांहून जास्त सैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यात आपले भारतीयसुद्धा आहेत, आणि रोज रात्री आठ वाजता तिथे बिगुल वाजतो. लोक दिवसभर शेतांमधून सायकल चालवतात आणि संध्याकाळी त्या कमानीखाली येऊन उभे राहतात. हे सगळं सांगून तो म्हणाला, "काका, आपल्याकडे असं काही नाहीच ना. आपल्याकडे महायुद्ध झालंच कुठे?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मुंबईकराला दुसऱ्या महायुद्धातलं आठवतं ते फार तर 14 एप्रिल 1944 चं, गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला तेवढं. खंदक नाहीत, रणगाडे नाहीत. पण युद्ध म्हणजे फक्त गोळ्या नव्हेत. युद्धाला जमीन लागते, धान्य लागतं, कापड लागतं आणि वीज लागते. या चारही गोष्टी मुंबईच्या पाठीमागच्या या खोऱ्यातून गेल्या. त्या कशा गेल्या, हे बघायचं असेल तर तळोजा, बदलापूर, बारवी, म्हसा, सिद्धगड आणि परत नेरळ असा फेरा मारावा. नेमकं तेच आम्ही करतो.

आता खरं सांगायचं तर पूर्ण वाट आम्ही सायकलने करत नाही. तळोज्यापासून बदलापूरपर्यंतचा रस्ता ट्रकांचा आहे. तेवढा भाग सायकली टेम्पोत टाकून अंधारातच पार करतो. आमच्यात चौदा वर्षांची मुलगी आहे आणि एकाहत्तर वर्षांचे काका आहेत. हिरोगिरी करून उपयोग नाही.

पण टेम्पोतूनही खोणीच्या पुढे नेवाळी नाका आला की मी सगळ्यांना जागं करतो. नेवाळीची जमीन ब्रिटिश सरकारने दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्टीसाठी शेतकऱ्यांकडून घेतली. 1942 साल म्हणजे कसलं साल होतं ते लक्षात घ्यायला हवं. मार्चमध्ये जपानने रंगून घेतलं होतं. एप्रिलमध्ये कोलंबोवर आणि आपल्या विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले होते. मुंबईत रात्री दिवे झाकायचे हुकूम होते. विमानतळ हवा म्हणजे ताबडतोब हवा, शेतकऱ्याला विचारतंय कोण? युद्ध संपलं, विमानं गेली, जमीन मात्र सरकारकडेच राहिली. नेवाळीचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या सांगत राहिले की युद्धापुरती घेतलेली जमीन परत द्या. जून 2017 मध्ये नौदलाने तिथे कुंपणाची भिंत घालायला घेतली तेव्हा मोठं आंदोलन झालं, गाड्या जाळल्या गेल्या, पोलिसांची कारवाई झाली. बातमी आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली होती. पण तिचं मूळ महायुद्धात आहे हे किती जणांच्या लक्षात आलं?

आपण नवी मुंबईकरांनी तरी हे विसरू नये. आपलीही इमारत उभी आहे ती सिडकोने संपादित केलेल्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर, आणि त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान फाट्याकडे पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के हा शब्द आपण प्लॉटच्या जाहिरातीत वाचतो, तो तिथून आला आहे. असो. हा विषय वेगळा आहे आणि मोठा आहे.

नेवाळीच्या डाव्या हाताला, थोडं लांब, उल्हासनगर. तेही युद्धाचंच अपत्य. कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती, बराकींच्या रांगा होत्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्याच रिकाम्या बराकींमध्ये ठेवलं आणि 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना "कॅम्प नंबर तीन", "कॅम्प नंबर चार" असंच सांगतो. आपल्या सोसायटीतल्या सिंधी कुटुंबांपैकी दोघांचे आजी-आजोबा त्या बराकीत राहिलेले आहेत, हे मला या राइडच्या निमित्तानेच कळलं. पंचवीस वर्षं एका लिफ्टने वर-खाली जातोय आपण!

बदलापूर सोडलं, मुळगाव मागे टाकलं की सायकली खाली उतरतात. इथून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता म्हणजे आमच्या ग्रुपचा सगळ्यात आवडता. दोन्ही बाजूंना साग आणि ऐन, मधूनमधून मोहाचं झाड, जानेवारीत अंगावर काटा येईल इतका गारठा. धरण एमआयडीसीचं आहे. पहाटे तासाभरात समोरून दोन दूधवाले आणि एक एसटी आली तर खूप. बोलायचं असेल तर शेजारी शेजारी सायकल ठेवून बोलता येतं. बोलायचं नसेल तर पुढच्याच्या मागच्या दिव्याकडे बघत जायचं. चढ आहेत, पण जीव काढणारे नाहीत. गिअरवाल्यांनी गिअर बदलावेत, बिनगिअरवाल्यांनी उतरून ढकलावी, त्यात कमीपणा नाही.

धरणाच्या पुढे म्हसा. पौष पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते, बैलबाजार भरतो, घोंगड्यांपासून कढयांपर्यंत सगळं मिळतं. यात्रेच्या दिवसांत मात्र या बाजूला सायकल घेऊन फिरकू नये. एरवी गाव शांत. तिथल्या चहाच्या टपरीवर एका आजोबांनी विचारलं, कुठून आलात? म्हटलं, नेरुळहून. "मग काय, जवळच की," आजोबा म्हणाले. त्यांनी नेरळ ऐकलं होतं. आपल्याकडे नेरुळच्या पाहुण्यांनी नेरळला उतरून फोन करण्याचे प्रकार बऱ्याच घरांत झालेले आहेत, त्यामुळे सगळे हसले. नेरळ नाही, नेरुळ, वाशीकडचं, असं समजावल्यावर आजोबांनी सायकलींकडे एकदा बघितलं आणि टपरीवाल्याला म्हणाले, "यांना बिस्किटं पण दे."

म्हशाहून जांभुर्डे, बोरवाडी. समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते, तिच्या पुढ्यात सिद्धगड. रस्ता अरुंद होत जातो आणि शेवटी हुतात्मा स्मारकाजवळ आपण थांबतो. इथे 2 जानेवारी 1943 च्या पहाटे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, आणि हिराजी गोमाजी पाटील हे दोघे पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. भाईंचं वय होतं तीस वर्षं आणि एक महिना.

भाई कोतवाल माथेरानचे. 1 डिसेंबर 1912 चा जन्म, नाभिक कुटुंबातला. घरची गरिबी. पुण्यात शिक्षण घेऊन ते वकील झाले. वकील झालेला माथेरानचा मुलगा त्या काळी मुंबईत किंवा ठाण्यात बसून चार पैसे कमवू शकला असता. हा माणूस डोंगर उतरून खाली कर्जत-नेरळच्या गावांमध्ये गेला, आणि तिथे त्याने जे काम सुरू केलं त्याबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण सगळे जण शेवटच्या गोळीबाराबद्दल बोलतात आणि हे मागे पडतं.

भातशेतीचा हा मुलूख. पीक वर्षातून एकदाच. दिवाळीच्या सुमाराला भात घरात येतं आणि बऱ्याच घरांत ते होळीनंतर संपत येतं. पावसाळ्यात, म्हणजे ऐन लावणीच्या राबत्या दिवसांत, घरात दाणा नसतो. मग सावकाराकडे जायचं. सावकार भात देतो, सुगीला परत घेतो, सवाईने किंवा दिढीने. सवाई म्हणजे एक मण नेलं तर सव्वा मण परत. दिढी म्हणजे दीड मण. तेही चार-पाच महिन्यांत. आपण बँकेत होम लोनच्या अर्ध्या टक्क्यासाठी भांडतो, त्यांनी हा हिशेब करून बघावा. एखादं वर्ष पीक बुडालं की देणं पुढच्या वर्षावर, त्यावर पुन्हा दिढी, आणि शेवटी शेत सावकाराच्या नावावर.

भाईंनी यावर धान्य कोठ्या काढल्या. गावाने सुगीच्या वेळी थोडं थोडं भात एकत्र ठेवायचं आणि अडचणीच्या दिवसांत त्यातूनच न्यायचं. म्हणजे काय, तर सहकार! आपली सोसायटी ज्या तत्त्वावर चालते, तेच. दर महिन्याला थोडं थोडं भरा, अडचणीत सगळ्यांच्या कामाला येईल. फरक इतकाच की आपला सिंकिंग फंड लिफ्टसाठी असतो, त्यांचा पोटासाठी होता. शिवाय त्यांनी शाळा चालवल्या, कुळांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले, माथेरान नगरपालिकेचं उपाध्यक्षपदही सांभाळलं. तेव्हा 1942 मध्ये हा माणूस भूमिगत झाला तर त्याच्या मागे आगरी, कुणबी, ठाकूर, महादेव कोळी पोरं का गेली, याचं उत्तर त्या भाताच्या कोठीत आहे. भाषणाने माणसं टाळ्या वाजवतात. रात्री-अपरात्री जीव धोक्यात घालून बरोबर येतात ती वेगळ्या कारणाने.

8 ऑगस्ट 1942 रोजी गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे पुढारी पकडले गेले. खाली काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं होतं. भाईंनी आझाद दस्ता उभा केला आणि निशाणा धरला तो विजेच्या मनोऱ्यांवर.

मी स्वतः वीज खात्यात आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे टॉवर दिसला की माझी मान वर जाते. ग्रुपमधले त्यावरून चेष्टाही करतात. पण हा भाग समजून घेतल्याशिवाय भाई कोतवाल कळत नाहीत. टाटांनी खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू केलं आणि भिवपुरीचं 1922 मध्ये. घाटमाथ्यावर धरणात साठवलेलं पाणी नळांतून खाली सोडायचं, त्यावर वीज करायची आणि मनोऱ्यांवरून लाखभर व्होल्टच्या दाबाने मुंबईला न्यायची. मुंबईच्या कापड गिरण्या त्यावर चालत, ट्राम चालत. पुढे रेल्वेही विजेवर आली. युद्ध सुरू झाल्यावर त्याच गिरण्या लष्करासाठी कापड विणू लागल्या, आणि त्याच रेल्वेने फौज आणि सामान हलू लागलं. म्हणजे युद्धाच्या यंत्राची एक नस नेरळ-कर्जतच्या शेतांवरून, लोकांच्या डोक्यावरून जात होती, आणि तिच्यावर पहारा ठेवायचा तर मैलोन् मैल रान.

आणि या तारांखालच्या गावांत वीज नव्हती. घरात रॉकेलची चिमणी, तीही रॉकेल मिळालं तर. डोक्यावरून मुंबईची वीज जायची आणि खाली अंधार. हे चित्र स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षं बदललं नाही.

मनोरा पाडायचा म्हणजे काय? लोखंडी कोनांचा, चार पायांचा, उंच सांगाडा. हातात लोखंड कापायची करवत. बॉम्ब नाही, डायनामाइट नाही. रात्रीच्या अंधारात पाय कापत बसायचं, पात्याचा आवाज शांत रानात किती लांब जातो ते ज्याने एकदा ऐकलं आहे त्याला सांगायला नको. मनोरा झुकायला लागला की तारांचा ताण त्याला कुठे खेचेल याचा नेम नाही, आणि तारा तर जिवंत. आम्ही खात्यात लाइन बंद करून, अर्थिंग लावून, परमिट घेऊन मग हात लावायचो, तरी छाती धडधडायची. इथे सगळं उलटं. 1942 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत दस्त्याने असे अकरा मनोरे पाडले. गिरण्यांचा आणि रेल्वेचा खोळंबा झाला. सरकारने भाईंना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं.

आपल्याकडे वीज पंधरा मिनिटं गेली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय होतं, हे मी इथे लिहीत नाही.

या मार्गाबद्दल तेव्हाही मतभेद होते. तारा तोडणं, रूळ उखडणं हे गांधीजींच्या अहिंसेत बसतं का, यावर काँग्रेसमध्येच बराच वाद झाला. माझं मत विचाराल तर माणसाचा जीव न घेता सरकारचा हात पिरगळण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यात सगळ्यात जास्त धोका कापणाऱ्यालाच होता. कोणाचं मत वेगळं असू शकेल. स्मारकापाशी बसून आमच्या ग्रुपमध्ये यावर चांगली तासभर चर्चा झालेली आहे, डबे उघडे टाकून.

डिसेंबरमध्ये दस्ता सिद्धगडच्या जंगलात होता. बातमी फुटली. 2 जानेवारीच्या पहाटे हॉल नावाच्या पोलिस अधिकाऱ्याच्या हाताखालच्या तुकडीने त्यांना गाठलं. गोळीबारात हिराजी पाटील गेले. भाई जखमी होऊन पडले आणि त्यांना जवळून गोळी घातली गेली, असं इथे सांगतात. हिराजी पाटील नेरळजवळच्या मानिवलीचे, शेतकऱ्याचा मुलगा. पुस्तकात भाईंचं नाव मोठं छापतात, त्यांचं लहान. स्मारकावर दोघं बरोबर आहेत हे मला बरं वाटतं.

आता याच्या शेजारी दुसरं एक नाव ठेवतो. नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. कर्जत आणि माणगाव हे दोन्ही तालुके तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले. घाडगे तिसऱ्या-पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे धावत गेले, हातबॉम्ब टाकला, मग बंदूक, आणि शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने. ठाणं घेतलं, आणि त्याच क्षणी लपून बसलेल्या नेमबाजाच्या गोळीने गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीत मोंतोने या गावी 2023 मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं गेलं.

एका जिल्ह्यातले दोन तरुण. एक ब्रिटिश सरकारच्या तारा कापताना मारला गेला, दुसरा अठरा महिन्यांनी ब्रिटिश सरकारचा गणवेश घालून. त्या युद्धात पंचवीस लाख भारतीय फौजेत होते, आणि बहुतेक घरांतून जाण्याचं कारण पगार हेच होतं. इकडे ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झालेला, भाव चढलेले, 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलेलं. घरात खाणारी तोंडं आहेत आणि भात होळीनंतर संपतं, मग एक मुलगा भरती होतो, दुसरा दस्त्यात जातो. आमच्यातला एक जण निवृत्त फौजी आहे. त्याला पहिल्या वर्षी मी विचारलं, भाई कोतवालांच्या स्मारकाला सॅल्यूट करताना तुला काही वेगळं वाटत नाही का? तो म्हणाला, "दोघांनाही करतो, साहेब. एकाच हाताने." आणि सायकलची हवा बघायला गेला. बी विंगमधला तो मुलगा तिथेच पायरीवर बसलेला होता. त्याने बेल्जियमचं नाव त्यानंतर काढलेलं नाही.

परतीला कळंबमार्गे नेरळ. जानेवारीत भाताची खाचरं रिकामी असतात आणि त्यात ओलीवर वाल टाकलेला असतो. संध्याकाळच्या उन्हात हा पट्टा फार सुंदर दिसतो. दहिवलीला उल्हास नदीवरचा पूल लागतो. पावसाळ्यात हा पाण्याखाली जातो, म्हणून आमची राइड हिवाळ्यातच. पलीकडे माथेरानचा डोंगर. तिथे आजही मोटारींना प्रवेश नाही, दस्तुरी नाक्याला गाडी ठेवून पुढे चालायचं. भाईंच्या गावाने निदान एवढी शांतता राखली आहे.

खालच्या रस्त्यांचं तसं नाही. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला, फार्महाऊसच्या पाट्या दर वर्षी वाढताहेत, शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा कळंबपर्यंत येतात. गावकऱ्यांना चांगला रस्ता हवा आहे आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. दवाखान्यात न्यायला तासभर लागणाऱ्या माणसाला आपण शहरातून जाऊन "रस्ता अरुंदच ठेवा, आम्हाला सायकल चालवायची आहे" असं सांगू शकत नाही. पण म्हसा ते बोरवाडी हा फाटा अजून शांत आहे. जोवर आहे तोवर मुलांना घेऊन या.

ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी : स्मारकावर 2 जानेवारीला पहाटे मोठा कार्यक्रम असतो, आदल्या रात्रीपासून गावोगावची माणसं येतात, त्यामुळे त्या दिवशी सायकली नेत नाही, गाडीने जातो. राइड असते त्यानंतर म्हशाची यात्रा टाळून येणाऱ्या पहिल्या रविवारी. टेम्पो पहाटे चारला गेटवर. नावं दोन आठवडे आधी सोसायटी ऑफिसात वहीत लिहावीत, म्हणजे सायकली बांधायच्या दोरीचा हिशेब लागतो. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नसेल तर घेणार नाही, मग तो सेक्रेटरी असला तरी. एक जादा ट्यूब प्रत्येकाने आपल्या मापाची आणायची, कारण बारवीच्या पुढे पंक्चरवाला थेट म्हशाला आहे. पाणी दोन लिटर. डबा घरचा. म्हशाला चहा ग्रुपच्या फंडातून, बिस्किटं मिळाली तर आजोबांकडून.